सरोवर-जलतरण

सरोवर-जलतरण : नैसर्गिक सरोवरात किंवा धरणाच्या जलाशयात ठराविक अंतर पोहून जाण्याची शर्यत. समुद्र, नदी आणि सरोवर ही मुक्त जलातील जलतरणाची तीन क्षेत्रे होत. मराठीत ‘तलाव’ हा शब्द नैसर्गिक जलाशय व पोहण्यासाठी बांधलेले कुंड या दोहोंसाठी रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत तो केवळ दुसऱ्या अर्थाने योजिला आहे. तलावातील पोहणाऱ्यास तळावरील काळी रेषा, दोरखंडांनी आखलेला मार्ग, स्थिर तापमान व दर २५ किंवा ५० मी. अंतरावर भिंतीचा आधार मिळतो. सरोवरात यांपैकी काहीही नसते. त्यामुळे तलावात सहज ५ किमी. पोहणारा जलतरणपटू सरोवरात १ किमी. अंतरावरच गोंधळून जाण्याचा संभव असतो. सरोवर-शर्यतीची पूर्वतयारी म्हणजे केवळ दमसास वाढविणे नव्हे. पाण्याचे तापमान, वारा, दिशा आणि स्वतःच्या शरीराची मर्यादा यांचे ज्ञान हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग होय.

इतिहास : आधुनिक जलतरण-शर्यतींचा उगम मुक्त जलातच झाला. १८७५ मध्ये मॅथ्यू वेब याने इंग्लिश खाडी पोहून पार केल्यावर लांब पल्ल्याच्या पोहण्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील जलतरण १८९६ मध्ये अथेन्सजवळच्या समुद्रात, १९०० मध्ये पॅरिस येथे सेन नदीत आणि १९०४ मध्ये सेंट लूइस येथे एका कृत्रिम सरोवरात झाले. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांसाठी क्रीडांगणातच तलाव बांधण्यात आला आणि तेथून पुढे स्पर्धात्मक जलतरण हळूहळू तलावात बंदिस्त झाले. लांब पल्ल्याची परंपरा मात्र व्यावसायिक शर्यतींतून व वैयक्तिक साहसांतून टिकून राहिली.

सरोवर-जलतरणास लोकप्रियता मिळवून देणारी घटना कॅनडात घडली. मॅरिलिन बेल ही १६ वर्षांची मुलगी ८ सप्टेंबर १९५४ रोजी रात्री अमेरिकेच्या किनाऱ्यावरून आँटॅरिओ सरोवरात उतरली आणि सु. ५१ किमी. अंतर जवळजवळ २१ तासांत कापून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोराँटोस पोहोचली. हे सरोवर पोहून पार करणारी ती पहिली व्यक्ती होय. त्याच रात्री उतरलेली विख्यात अमेरिकन जलतरणपटू फ्लॉरेन्स चॅडविक हिला मध्येच पाण्याबाहेर यावे लागले. बेलचे प्रशिक्षक गस रायडर हे सोबतच्या नावेतून फळ्यावर खडूने लिहून तिला सूचना व धीर देत होते. पोहणाऱ्याइतकेच महत्त्व त्याच्या साहाय्यकांना असते, हे या प्रसंगाने सर्वांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, क्वेबेक प्रांतातील सां-झां सरोवर झाक आम्यो याने प्रथम पार केले आणि तेथील वार्षिक आंतरराष्ट्रीय शर्यतीस आरंभ झाला. ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या जलतरणाची संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली. विंडरमीअर सरोवर तिच्या शर्यतींचे एक प्रमुख केंद्र बनले. हंगेरीतील बालाटोन सरोवर पार करण्याची सामूहिक शर्यत १९८३ पासून भरत आली आहे.

जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धांत १९९१ मध्ये पर्थ येथे मुक्त जलातील २५ किमी. शर्यतीचा समावेश झाला. ऑलिंपिकमध्ये १० किमी. शर्यत २००८ मध्ये बीजिंग येथे प्रथम घेण्यात आली. २०१२ मध्ये ती लंडनच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन सरोवरात सहा फेऱ्यांची झाली. तीत पुरुषांत ट्युनिशियाचा उसामा मेलूली व स्त्रियांत हंगेरीची एवा रिस्तोव्ह विजयी झाले.

सरोवराचा स्वभाव : प्रत्येक सरोवराची घडण वेगळी असल्यामुळे त्यातील शर्यतीची तयारीही वेगळी करावी लागते. बालाटोन हे सु. ७७ किमी. लांब असले, तरी त्याची सरासरी खोली ३ मी.हून थोडीच अधिक आहे. उथळपणामुळे त्याचे पाणी उन्हाळ्यात लवकर तापते. परंतु त्याच उथळपणामुळे वारा सुटताच आखूड व उभ्या लाटा उठतात. उन्हाळ्यात तेथील किनाऱ्यावर वादळाची सूचना देणारे दिवे कार्यान्वित असतात : मिनिटाला ४५ वेळा लुकलुकणारा दिवा म्हणजे सावधानतेची पहिली पायरी आणि ९० वेळा लुकलुकणारा म्हणजे पोहण्यास पूर्ण मनाई. रेव्हफ्युलप ते बालाटोनबोग्लार ही तेथील शर्यत ५.२ किमी. अंतराची असून मार्गाच्या दोन्ही बाजूंना नांगरलेल्या नावांची रांग असते. हवा प्रतिकूल असल्यास शर्यत राखीव दिवसावर ढकलण्यात येते.

विंडरमीअर हे हिमनदीने कोरलेले, सु. १७ किमी. लांब, अरुंद व ६० मी.हून अधिक खोल सरोवर आहे. तेथे लाटांपेक्षा थंडी हा मुख्य प्रतिस्पर्धी असतो. सां-झां सरोवर विस्तीर्ण असून पेरिबोंका ते रोबेर्व्हाल हे ३२ किमी. अंतर पोहताना थंडी, वारा व लाटा या तिन्हींशी एकाच वेळी सामना करावा लागतो. पोहणाऱ्याने आपले सरोवर या तिघांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे आधी ठरवावे आणि मगच सरावाचा आराखडा आखावा.

उन्हाळ्यात खोल सरोवराच्या पाण्याचे थर पडतात. वरचा थर उबदार व हलका, खालचा थंड व जड आणि त्यांच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरत जाणारा पातळ थर असतो. सतत एकाच दिशेने वारा वाहू लागला, की वरचे उबदार पाणी वाऱ्याबरोबर समोरच्या काठाकडे लोटले जाते आणि वारा जेथून येतो त्या काठाशी खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे आदल्या दिवशी मोजलेले तापमान दुसऱ्या दिवशी सकाळी कित्येक अंशांनी उतरलेले आढळते. एकाच ठिकाणी घेतलेल्या मोजमापावर विसंबू नये, ते मार्गावर अनेक जागी व शर्यतीच्या दिवशीच घ्यावे, असे सांगितले जाते ते याच कारणाने. याशिवाय गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सु. २.५ टक्के कमी असते. परिणामी समुद्रात सराव केलेल्या जलतरणपटूस सरोवरात आपले पाय व कंबर खाली जात असल्याचे जाणवते.

थंड पाण्याचे परिणाम : पाणी हवेपेक्षा सु. २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. तथापि थंड पाण्यातील पहिला धोका शरीर गार पडण्याचा नसून श्वासाचा आहे. सु. १५° से.पेक्षा थंड पाण्यात एकाएकी उतरल्यास अनैच्छिक धाप लागते, श्वसनाचा वेग अनेक पटींनी वाढतो, नाडी व रक्तदाब चढतात. या अवस्थेस शीताघात म्हणता येईल. त्याचा जोर पहिल्या अर्ध्या ते एका मिनिटात सर्वाधिक असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. नेमक्या याच वेळी डोके पाण्याखाली गेल्यास पाणी फुप्फुसांत जाते. हृदयविकार असलेल्यांस या काळात हृदयाच्या तालबिघाडाचाही धोका संभवतो. त्यानंतर हातापायांचे स्नायू व मज्जातंतू गार पडून हाताची पकड सुटते, बोटे फाकतात आणि उत्तम जलतरणपटूचाही हात निकामी होऊ लागतो. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५° से.च्या खाली जाणे, म्हणजे अल्पतापावस्था, ही बहुधा अर्ध्या तासानंतरची गोष्ट असते. असंबद्ध बोलणे, हातांचा मंदावलेला वेग व दिशाभ्रम ही तिची लक्षणे असून ती स्वतः पोहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत, सोबतच्या नावेतील माणसाने ती ओळखावी लागतात.

शीताघाताची प्रतिक्रिया सवयीने कमी होते, हा शरीरक्रियाविज्ञानाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. थंड पाण्यात पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी सु. तीन मिनिटे राहिल्यास ही प्रतिक्रिया सु. निम्म्यावर येते आणि या सवयीचा काही अंश अनेक महिने टिकतो. म्हणून थंड सरोवरातील शर्यतीपूर्वी काही आठवडे वारंवार, अल्पकाळ व सोबतीने पाण्यात उतरावे. प्रथम पायाने आत जावे, मनगटे, मान व चेहरा भिजवावा आणि श्वास ताब्यात आल्यावरच पोहण्यास आरंभ करावा. चुकून पाण्यात पडल्यास पोहण्याची घाई न करता उताणे तरंगत राहून धाप ओसरू द्यावी.

पाण्याबाहेर आल्यावरही धोका संपत नाही. हातापायांतील गार रक्त मध्यभागाकडे परतू लागल्याने व ऊतींतील थंडी आत शिरत राहिल्याने अंतर्भागाचे तापमान काही काळ उतरतच राहते. अशा वेळी कडक गरम पाण्याचे स्नान टाळावे. ओले कपडे ताबडतोब उतरवून अंग कोरडे करावे, थरावर थर कपडे, टोपी व मोजे घालावेत, कोमट गोड पेय घोटाघोटाने घ्यावे. कापरे भरणे हा शरीराचा ऊब निर्माण करण्याचा उपाय असल्यामुळे त्यास घाबरू नये. मात्र कापरे थांबून गुंगी येऊ लागल्यास वैद्यकीय साहाय्य तात्काळ मागवावे.

उष्ण पाण्याचे परिणाम : युरोपीय ग्रंथांत थंडीचे विवेचन विस्ताराने आढळते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात विरुद्ध टोकाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. पोहताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा फार थोडा भाग प्रत्यक्ष गतीत उतरतो आणि उरलेला उष्णतेच्या रूपाने शरीरात निर्माण होतो. जमिनीवर घामाच्या बाष्पीभवनाने ही उष्णता निघून जाते. पाण्यात घाम येतो, पण त्याचे बाष्पीभवन होत नाही. पाणी ३०° से.च्या आसपास असेल आणि वर ऊन असेल, तर जोराने पोहणाऱ्याचे अंतर्गत तापमान चढत जाते. घाम दिसत नसल्यामुळे तहानही उशिरा जाणवते. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमीरातीतील फुजैरा येथे १० किमी.च्या जागतिक मालिकेतील शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मृत्यू पावला. शर्यत उबदार समुद्रजलात झाली होती. तो परतला नाही हे सहस्पर्धकांच्या लक्षात आल्यावर शोध सुरू झाला आणि सु. दोन तासांनी त्याचा मृतदेह हाती लागला. या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने, म्हणजे २०२२ अखेरीस वर्ल्ड ॲक्वॅटिक्स हे नाव धारण केलेल्या संघटनेने, शर्यतीसाठी किमान १६° व कमाल ३१° से. अशा मर्यादा ठरविल्या. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने कमाल मर्यादा २९.४५° से. इतकी अधिक कडक ठेवली. उष्ण पाण्यात पहाटेची वेळ निवडणे, वेग हेतुपुरस्सर कमी ठेवणे, जाड पोहण्याचा पोशाख टाळणे आणि दर वीस मिनिटांनी पेय घेणे हे उपाय होत. डोके जड होणे, मळमळ किंवा विचारात संथपणा जाणवल्यास हात वर करून थांबावे.

पाण्याची शुद्धता : संथ व पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात उन्हाळ्यात नीलहरित जिवाणूंची वाढ होऊन पृष्ठभागावर हिरव्या रंगासारखा साका येतो. त्यांची विषे पोटात गेल्यास उलट्या, ताप, त्वचेवर पुरळ आणि क्वचित यकृतास इजा होते. विंडरमीअर येथील ‘ग्रेट नॉर्थ स्विम’ ही मोठी शर्यत याच कारणाने २०१० मध्ये रद्द करावी लागली. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस हा दुसरा धोका होय. १९९८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड सरोवरात झालेल्या ट्रायथलॉननंतर अनेक स्पर्धकांना हा रोग जडला. मुसळधार पावसानंतरचे दोन-तीन दिवस काठावरील घाण वाहून आलेली असल्याने पोहणे टाळावे, अंगावरील जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात आणि शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास आपण सरोवरात पोहल्याचे वैद्यास आवर्जून सांगावे.

शारीरिक सराव : सराव सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ही औपचारिकता नव्हे. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात झालेले आकस्मिक मृत्यू व हृदयबंद पडण्याच्या घटना यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. मध्यमवयीन स्पर्धकांनी, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास असणाऱ्यांनी, हृदयाची तपासणी टाळू नये.

तलावात न थांबता १.५ किमी. पोहता येणे ही ५ किमी. शर्यतीच्या तयारीची किमान पात्रता समजावी. त्यानंतर सु. बारा आठवड्यांचा, आठवड्यातून तीन ते चार दिवसांचा सराव पुरेसा होतो. आठवड्याचे एकूण अंतर ८ किमी.पासून हळूहळू १५ किमी.पर्यंत न्यावे. वाढ आठवड्यास दहा टक्क्यांहून अधिक असू नये आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. एका दिवशी मोठे अंतर संथ गतीने, दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या गतीने (उदा., ४०० मी.च्या आठ ते दहा आवृत्त्या, मध्ये वीस-तीस सेकंदांची विश्रांती), तिसऱ्या दिवशी अल्प अंतर वेगाने आणि शक्य असल्यास चौथ्या दिवशी प्रत्यक्ष मुक्त जलात, अशी विभागणी करावी. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा ४ किमी. सलग पोहावे. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे, वेगाचा थोडा सराव मात्र चालू ठेवावा. ५ किमी. पोहताना हात हजारो वेळा फिरतो. त्यामुळे खांद्याच्या सांध्यास स्थिर ठेवणाऱ्या लहान स्नायूंचे व्यायाम नियमित करावेत आणि खांदा दुखू लागल्यास अंतर ताबडतोब कमी करावे.

तलावातील अंतराचा हिशेब सरोवरात फसवा ठरतो. २५ मी.च्या तलावात ५ किमी. म्हणजे २०० फेऱ्या व १९९ वळणे. प्रत्येक वळणावर भिंतीस रेटा देऊन सु. ५ मी. सरकता आले, तर जवळजवळ १ किमी. अंतर हाताच्या श्रमावाचून कापले जाते. शिवाय भिंतीशी क्षणभर विसावाही मिळतो. यासाठी सरावात अधूनमधून भिंतीस स्पर्श न करता, तिच्या थोडे अलीकडेच पाण्यात वळून पोहावे.

तंत्र : सरोवर-शर्यतीत मुक्त शैलीचाच वापर जवळजवळ सार्वत्रिक आहे. तलावातील शैलीत पुढील बदल करावे लागतात. (१) दिशा राखणे : काळी रेषा नसल्यामुळे सरळ पोहणे हे शिकावे लागते. मार्गापासून केवळ ५ अंश ढळल्यास १ किमी. पोहल्यावर स्पर्धक रेषेपासून सु. ८७ मी. बाजूस गेलेला असतो. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर काढून लक्ष्य पाहावे. श्वासासाठी डोके पुढे उचलू नये, कारण तसे केल्यास पाय खाली जातात. आधी पाहावे व मग नेहमीप्रमाणे बाजूस वळून श्वास घ्यावा. पाण्यावरील तरंगती खूण लाटांत लपते. तिच्या मागे काठावर असलेला मनोरा, उंच झाड किंवा डोंगराचा सुळका अशी स्थिर खूण आधीच निवडून ठेवावी. (२) श्वसन : दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय हवी. लाटा, ऊन किंवा शेजारच्या स्पर्धकाचे शिंतोडे एका बाजूने येत असल्यास दुसरी बाजू उपयोगी पडते आणि दोन्ही बाजूंच्या श्वसनाने मार्गही अधिक सरळ राहतो. (३) हाताची गती : लाटांत लांब सरकणारा हात अडखळतो. हात थोडा आखूड, पण अधिक त्वरेने मारावा आणि पाण्यावरून परतताना तो उंच ठेवावा. (४) माग धरणे : पुढील स्पर्धकाच्या पायांमागे किंवा त्याच्या कंबरेच्या बाजूस पोहल्यास पाण्याचा विरोध बराच कमी होतो आणि श्रम वाचतात. परंतु पुढचा चुकीच्या दिशेने जात असेल, तर मागचाही चुकतो. त्यामुळे माग धरला, तरी स्वतः पाहणे सोडू नये. (५) वळण : तरंगत्या खुणेशी गर्दी होते. नवख्याने काही मीटर बाहेरून वळणे श्रेयस्कर.

वरील सर्व कौशल्यांचा सराव तलावातही करता येतो. एकाच मार्गात तिघाचौघांनी दाटीने पोहणे, डोळे मिटून दहा हात मारून आपण कोणत्या बाजूस ढळतो हे तपासणे, उपनेत्र निसटल्यास उताणे होऊन ते पुन्हा बसविणे, ही त्याची उदाहरणे होत. गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही आणि पाणवनस्पती पायांना स्पर्श करते तेव्हा अनेकांच्या मनात भीती दाटते. तिच्यावर धाडसापेक्षा परिचय हाच उपाय आहे. वनस्पतीत पाय अडकल्यास लाथा न मारता उताणे होऊन हातांनी सावकाश मागे सरकावे.

साधने : उपनेत्र (ढगाळ हवेसाठी पारदर्शक, उन्हासाठी गडद), ठळक रंगाची टोपी आणि कंबरेस बांधून मागे ओढावयाचा रंगीत तरंगक ही सरावातील आवश्यक साधने होत. तरंगकामुळे नावाड्यास पोहणारा दिसतो व थकल्यास त्यास धरून विसावता येते. थंड पाण्यात रबरी पोशाखाने ऊब व तरंगशीलता दोन्ही वाढतात. २०१७ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १८° से.पेक्षा थंड पाण्यात तो अनिवार्य व १८° ते २०° से. या दरम्यान ऐच्छिक ठरविण्यात आला. गळ्याशी घट्ट बसणारा पोशाख श्वास कोंडल्याचा भास निर्माण करतो, म्हणून शर्यतीच्या दिवशी नवा पोशाख प्रथमच वापरू नये. मान, काखा व मांड्या यांना व्हॅसलिन लावल्यास घर्षणाने कातडी सोलवटत नाही.

आहार : तासाभरात संपणाऱ्या शर्यतीत मध्ये काही घेण्याची गरज नसते. त्याहून लांब शर्यतीत दर वीस ते तीस मिनिटांनी पातळ व गोड पेय द्यावे. तासाला ३० ते ६० ग्रॅ. कर्बोदके हे प्रमाण बहुतेकांना मानवते. पेयाचा पेला लांब काठीच्या टोकास अडकवून किंवा दोरीस बांधून पुढे केला जातो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत नावेस स्पर्श करणारा स्पर्धक सामान्यतः बाद ठरतो. पोहता पोहता पिणे हे सरावातच शिकावे लागते. शर्यतीपूर्वी दोन ते तीन तास आधी पोळी, भात, केळी असे पचण्यास हलके व नेहमीच्या सवयीचे अन्न घ्यावे.

शर्यतीचा दिवस : स्पर्धकाने लवकर येऊन मार्ग काठावरून पाहावा, खुणांची संख्या व वळणाची बाजू पाठ करावी, वाऱ्याची दिशा पाहून जाताना लाटा समोरून येणार की येताना, हे जाणून घ्यावे. आरंभापूर्वी पाण्यात उतरून श्वास स्थिर करून घेणे अत्यावश्यक आहे. शीताघाताची दोन-तीन मिनिटे आरंभापूर्वीच उलटलेली असावीत. नवख्याने घोळक्याच्या कडेस किंवा मागे उभे राहावे. पहिल्या दोनशे-तीनशे मीटरांत अनेकजण आपल्या शक्तीपलीकडे वेग घेतात, त्यातच धक्के लागतात, नाकातोंडात पाणी जाते व घबराट उडते. अशा वेळी छातीवरची शैली किंवा उताणे तरंगणे स्वीकारून श्वास सावरावा आणि मग पुढे जावे. यात कमीपणा नाही. थुंकीत रक्ताची छटा, छातीत घरघर किंवा श्रमाच्या मानाने फार धाप ही फुप्फुसांत द्रव साचू लागल्याची चिन्हे असू शकतात. ती दिसताच शर्यत सोडावी. शेवटी आडव्या स्थितीतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून काठाशी येताना पायांची हालचाल वाढवावी व सावकाश उठावे.

संयोजकांची जबाबदारी : पाण्यात उतरलेल्या व बाहेर आलेल्या स्पर्धकांची संख्या जुळविणे हा सुरक्षेचा पहिला नियम होय. प्रत्येक स्पर्धकाच्या हातावर क्रमांक, ठराविक अंतरावर रक्षक-नावा, तापमानाची जाहीर नोंद, वैद्यकीय पथक, शर्यत थांबविण्याचा ठरलेला इशारा आणि राखीव दिवस यांची व्यवस्था नसेल, तर अशा शर्यतीत उतरू नये. वीज चमकू लागल्यास, धुके दाटल्यास किंवा नावांचा वेग लाटांमुळे मंदावल्यास शर्यत रद्द करण्याचा अधिकार सुरक्षा-अधिकाऱ्यास असावा. उत्पन्न किंवा प्रतिष्ठा यांचा विचार त्याच्या निर्णयाच्या आड येऊ नये.

भारत व महाराष्ट्र : भारतात मुक्त जलातील जलतरणाचा लौकिक मुख्यतः समुद्र व नदी यांच्याशी निगडित आहे. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये व आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. मुंबईजवळील धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया व संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे सागरी मार्ग, तसेच मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धा महाराष्ट्रात परिचित आहेत. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड सागरी खाड्या पोहण्याचा उपक्रम २०१८ मध्ये पूर्ण केला.

सरोवर-जलतरणास मात्र महाराष्ट्रात मोठा वाव आहे. धरणांची संख्या या राज्यात देशात सर्वाधिक असून बहुतेक जिल्ह्यांत एखादा जलाशय आहे. शिवाय ग्रामीण भागात विहिरीत सांगड बांधून पोहणे शिकण्याची जुनी परंपरा आहे. विहिरीत शिकलेल्या मुलास काळ्या व खोल पाण्याची भीती नसते, ही सरोवर-जलतरणाच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू होय. त्यास अंतर, सरळ दिशा व एकसारखी गती यांची सवय तेवढी लावावी लागते. दुसरीकडे हे निर्भय पोहणेच धरणांच्या पाण्यात दर उन्हाळ्यात होणाऱ्या दुर्घटनांचे एक कारण ठरते. जलाशयाची पातळी पावसाळ्यानंतर सतत उतरत असल्याने बुडालेली झाडे, जुन्या घरांच्या भिंती व गाळ यांची स्थिती महिन्यागणिक बदलते. मासेमारीची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत. विमोचक दारांजवळील ओढ पृष्ठभागावरून कळत नाही. जलपर्णीने झाकलेला भाग दुरून काठासारखा भासतो. पवईसारख्या काही सरोवरांत मगरींचे वास्तव्य आहे. जलसंपदा विभागाची किंवा संबंधित संस्थेची परवानगी घेऊन, स्थानिक मच्छीमारांकडून पाण्याची माहिती करून घेऊन आणि सोबत नाव ठेवूनच असा सराव करणे इष्ट ठरते. काठावरील कोळी व भोई समाजांतील नावाड्यांस त्या पाण्याचे वारे, ओढ व अडथळे यांचे पिढीजात ज्ञान असते. मार्ग आखणाऱ्या संयोजकांनी त्याचा लाभ घेतल्यास शर्यत सुरक्षित तर होतेच, शिवाय गावातील मुलांनाही शास्त्रशुद्ध जलतरणाचे शिक्षण मिळण्याचा मार्ग मोकळा होतो.